परतलेला सुधाकर: 'एकच प्याला' पुन्हा उभं करताना

(प्रकरण अभ्यास. संस्था, गाव आणि कलाकार यांची ओळख कळेल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

'एकच प्याला' लिहिणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस नाटकाचा नायक, दारूच्या व्यसनात बुडणारा सुधाकर झाले होते आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू. तेव्हापासून दर पिढीत कोणी ना कोणी हे नाटक हाती घेतं, आणि दर वेळी पहिला प्रश्न एकच असतो: सुधाकर कोण करणार?

या प्रकरणात त्याचं उत्तर नाटक ठरायच्या आधीच ठरलं होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका व्यावसायिक संस्थेकडे एक नट परत आला. वयाच्या ३४व्या वर्षी त्याने याच संस्थेत सुधाकर केला होता आणि पाच वर्षं ते नाटक चाललं होतं. त्यानंतर तो मालिकांमध्ये गेला आणि तेरा वर्षं रंगमंचावर आलाच नाही. आता ५२व्या वर्षी त्याला पुन्हा सुधाकर करायचा होता, आणि निर्मातीला त्याच्या नावावर २५ प्रयोगांचं बुकिंग होईल असा भरवसा होता. दिग्दर्शक नवा होता. जुना प्रयोग त्याने प्रेक्षकांत बसून पाहिलेला, तोही शाळकरी वयात.

हक्कांची बाजू सोपी निघाली. गडकऱ्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. मात्र या नाटकातली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत, हे अनेक निर्मात्यांच्या लक्षात येत नाही. गुर्जर १९६२ साली गेले, त्यामुळे पदांचा हक्क २०२२अखेर संपला. संपादित संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेतलं, आणि कागदपत्रांचा विषय तिथे मिटला.

अडचण

वरवर पाहता दोनच अडचणी दिसत होत्या, लांबी आणि वय.

नाटक पाच अंकी आहे. संस्थेचा जुना प्रयोग अकरा पदं आणि दोन मध्यंतरांसह ३ तास २५ मिनिटांचा होता. आज नाट्यगृहाच्या एका सत्रात नेपथ्य लावणं, प्रयोग आणि सामान काढणं हे सगळं बसवायचं असतं आणि पुढच्या संस्थेचा टेम्पो दारात उभा असतो. म्हणून एका मध्यंतरासह अडीच तास ही मर्यादा निर्मातीने पहिल्याच बैठकीत घालून दिली.

वयाचा प्रश्न जास्त खोल होता. गडकऱ्यांचा सुधाकर तरुण, बुद्धिमान आणि मानी वकील आहे. मुन्सफाशी खटका उडतो, सनद जाते, आणि तो अपमान विसरायला त्याचा दारुडा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तिशीतल्या माणसाचा हा ताठा समजून घेता येतो. पन्नाशीतल्या माणसाच्या तोंडी तेच शब्द आले की अर्थ बदलतो. आता तो अननुभवी, हट्टी वकील राहत नाही. गावात नाव कमावलेल्या माणसाचं नाव एका दिवसात जातं. शिवाय त्याच्याभोवतीची सगळी नाती हलतात. शरद त्याची धाकटी बालविधवा बहीण, रामलाल त्याचा मित्र, सिंधूच्या मांडीवर तान्हं मूल. एका नटाच्या वयाने अर्ध्या पात्रयोजनेचं वय ठरतं.

तिसरी अडचण तालमी सुरू होईपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही, आणि तीच सगळ्यात अवघड निघाली. नटाला नाटक पाठ होतं. म्हणजे तेरा वर्षांपूर्वीचं, ३ तास २५ मिनिटांचं नाटक पाठ होतं: त्याच्या हालचाली, जुन्या सहकलाकारांचे क्यू (आपलं वाक्य कधी घ्यायचं याच्या खुणा) आणि टाळ्यांसाठी थांबायच्या जागा यांच्यासकट.

कोणते पर्याय होते

जुना प्रयोग जसाच्या तसा करणं हा पहिला पर्याय. नटाला सोयीचं, तालमी कमी. पण वेळेत बसणं शक्य नव्हतं आणि जुन्या संचातले चार कलाकार आता उपलब्ध नव्हते.

दुसरा पर्याय नटाला रामलाल देऊन सुधाकर तिशीतल्या नटाकडे सोपवण्याचा. दिग्दर्शकाचा कल इकडे होता, आणि केवळ नाटकाच्या दृष्टीने पाहिलं तर तो चुकीचा नव्हता. रामलालचं मन शरदकडे ओढलं जातं आणि त्याची त्यालाच लाज वाटते, तो भाग पन्नाशीच्या नटाने केला तर फार टोकदार होतो. निर्मातीने बुकिंगचं कारण देऊन हा पर्याय नाकारला. नटानेही नकार दिला: सुधाकर नसेल तर परत यायचं कारणच उरत नाही, असं त्याचं म्हणणं.

पदं पूर्ण काढून गद्य प्रयोग करावा, असाही विचार झाला. त्याने चाळीसेक मिनिटं वाचली असती. पण सिंधूचा बराच जीव पदांत आहे. 'कशि या त्यजू पदाला' काढलं की नवऱ्याला सोडून न जाण्याचा तिचा निर्णय नुसता वादविवाद होऊन बसतो. आजच्या प्रेक्षकाला तो निर्णय पटत नाही, पण गाण्यातून तो तिचा स्वतःचा म्हणून ऐकू तरी येतो.

शेवटी ठरलं ते असं: सुधाकर तोच नट करेल, नाटक नव्याने बसवायचं, पदं सहा ठेवायची आणि पात्रयोजना नटाच्या वयाशी जुळवायची. सिंधूसाठी आधी २८ वर्षांची गायिका-नटी निवडली होती. दोन वाचनांतच जाणवलं की ती शेजारी बसली की सुधाकर नवऱ्याऐवजी पालक वाटतो, आणि सिंधूची निष्ठा भीतीसारखी दिसू लागते. मग ३९ वर्षांची, काळी चार या पट्टीत गाणारी नटी घेतली. रामलाल पन्नाशीचा. संहितेतले सुधाकरच्या तारुण्याचे उल्लेख काढले. असे उल्लेख वाटले होते त्याहून कमीच निघाले.

संपादन

मूळ संहितेच्या निव्वळ गद्याचं पहिलं वाचन ३ तास ५० मिनिटं चाललं. कात्री मुख्यतः तीन ठिकाणी लागली: तळीरामाच्या दारुड्या टोळक्याचे, म्हणजे आर्यमदिरामंडळाचे विनोदी प्रवेश, तरुण भगीरथ आणि शरद यांच्या प्रेमाचं उपकथानक आणि एकच गोष्ट दोनदा सांगणारी अलंकारिक वाक्यं. रामलालसमोर व्यसनाच्या अवस्था उलगडणारं सुधाकरचं मोठं भाषण मात्र पूर्ण ठेवलं. हा निर्णय धाडसाचा होता आणि बरोबर होता. त्या भाषणात दारुडा स्वतःच्या रोगाचं निदान एखाद्या वैद्याच्या अचूकपणे करतो आणि तरीही सुटत नाही. शोकांतिकेचा कणा तिथे आहे. ते कापलं तर उरतो तो दारूबंदीचा प्रचार.

मंडळाचे विनोदी प्रवेश कापताना एक धोका पुढे दिसला. तळीरामाचा विनोद फार कमी झाला तर चौथ्या-पाचव्या अंकाचा भार प्रेक्षकाला झेपत नाही. रंगीत तालमीनंतर त्यातली सहा मिनिटं परत घातली.

तालमी: जुनं नाटक अंगातून काढणं

पहिल्या आठवड्यात नटाला त्याचीच जुनी प्रत दिली होती, वगळलेल्या भागावर पेन्सिलने काट मारून. हे उलटलं. डोळा काट मारलेलं वाक्यही वाचतो, आणि जे पाठ होतं ते आणखी पक्कं होतं. दुसऱ्या आठवड्यात नवी प्रत टाइप केली. अक्षर मोठं, वगळलेल्या शब्दांचा मागमूस नाही आणि एका ओळीत एका श्वासाचा मजकूर. कागदाचा आकारही बदलला, कारण कोणतं वाक्य जुन्या पानावर कुठे होतं हेसुद्धा नटाला आठवत होतं.

खरी कसोटी पाचव्या अंकाच्या तालमीत लागली. सुधाकर दारूसाठी पैसे मागतो, सिंधू नकार देते, तो काठी उगारतो. जुन्या प्रयोगात काठी वर जाण्याआधी सिंधूची तीन वाक्यं होती, नव्यात एकच. नट उरलेल्या दोन वाक्यांची वाट पाहत थांबला. नटी मात्र नव्या संहितेप्रमाणे बाळाकडे वळली होती. भानावर येऊन त्याने काठी खाली आणली तेव्हा तिचा खांदा वाटेत होता. काठी इंचभर अंतरावर थांबली. त्या दिवशीची तालीम तिथेच थांबवली.

तिथून कामाची पद्धत बदलली.

संहितेतल्या प्रत्येक कापाच्या जागेला 'सांधा' म्हणायला सुरुवात झाली. सुधाकरच्या वाट्याला असे २३ सांधे होते. रोज तालमीच्या सुरुवातीला आधीची तीन वाक्यं, सांधा आणि नंतरची तीन वाक्यं असे सगळे सांधे ओळीने, भावनेशिवाय, भरभर म्हणायचे. वीस मिनिटं लागत. दहा दिवसांत २३ पैकी १७ जागा पक्क्या झाल्या. उरलेल्या सहा जागी समोरच्या नटाला 'परतीचं वाक्य' दिलं. सुधाकर जुन्या रुळावर गेलाच, तर रामलालने किंवा सिंधूने कोणतं वाक्य टाकून त्याला परत आणायचं हे आधीच ठरलेलं. विंगेतून वाक्यं सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या प्रतीत मात्र दोन्ही मजकूर ठेवले, नवा काळ्या अक्षरात आणि जुना लाल. नट लाल मजकूर बोलू लागला आहे हे विंगेतल्या माणसाला दुसऱ्या शब्दालाच कळायला हवं. त्याच्याकडे फक्त नवी प्रत असेल, तर तो पान शोधत बसतो.

हालचालींचा विचार याहून बारीक करावा लागला. नव्या नेपथ्यात घराचं दार उजवीकडे होतं, जुन्यात डावीकडे. झिंगलेल्या अवस्थेतला प्रवेश करताना नट सवयीने डावीकडे जाई आणि फ्लॅटवर, म्हणजे नेपथ्याच्या भिंतीवर, आदळे. दिग्दर्शकाने आराखडा उलटवला आणि दार डावीकडे घेतलं. नेपथ्यकाराचा एक दिवस गेला, पण लेव्हल (मंचावरचा उंचवटा) नव्याने करावी लागली नाही.

पण जुनी वाट मिळाली की जुने शब्दही येतात, हे लगेच दिसलं. म्हणून एक भेद केला. जिथे संवाद जसेच्या तसे होते तिथे जुन्या हालचाली राहू दिल्या. जिथे संवाद कापले होते तिथे हालचाल मुद्दाम बदलली: खुर्चीऐवजी पाट, उभ्याने बोलायचं ते खांबाला टेकून, हातातली वस्तू दुसरी. अंग नव्या जागी असलं की जीभही नवं वाक्य शोधते. या एका उपायाने सांध्यांवरच्या चुका सर्वांत जास्त कमी झाल्या, आणि जुनी भूमिका पुन्हा करणाऱ्या कोणत्याही नटासाठी तो वापरून पाहण्याजोगा आहे.

काठीचा प्रसंग आकड्यांवर बसवला. चार मात्रांत उगारणं, दोघांत किमान तीन फूट अंतर, प्रहार प्रेक्षकांच्या बाजूने सुधाकरच्या पाठीआड, आवाज विंगेतून लाकडी फळ्यांचा. काठी पोकळ वेताची, टोकाला आतून स्पंज. आणि एक नियम: सिंधूने डोळ्यांनी खूण दिल्याशिवाय काठी वर जायची नाही, मग त्यासाठी कितीही थांबावं लागो.

आवाज

मालिकेत कॉलरचा माइक कुजबुजही उचलतो. तेरा वर्षांत नटाला वाक्याच्या शेवटी आवाज सोडून द्यायची सवय लागली होती. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवट गेला की वाक्यच गेलं. गडकऱ्यांच्या पाचपाच ओळींच्या वाक्यात तर प्रेक्षक नुसत्या अलंकारांत अडकतो आणि काय झालं ते कळतच नाही.

रोज सकाळी वीस मिनिटं खर्ज आणि वाफ. लांब वाक्यं उलटी बांधणं: आधी शेवटचे तीन शब्द पूर्ण आवाजात, मग त्यामागचे पाच जोडून, मग आणखी मागचे. अशाने श्वास शेवटासाठी राखायची सवय लागते. घशाच्या डॉक्टरांची तपासणी तालमी सुरू व्हायच्या आधी करून घेतली होती, हे फार बरं झालं. स्वरयंत्र निरोगी आहे हे माहीत असल्यामुळे नंतरचा बसलेला आवाज थकव्याचा आहे, हे ओळखता आलं.

प्याल्यात काय ओतायचं, हाही आवाजाचाच प्रश्न. नेहमीचा कोरा चहा घसा कोरडा पाडतो आणि मोठं भाषण नेमकं त्यानंतर येतं. सोड्याचं पेय घेतलं तर ढेकर येतो. शेवटी कोमट पाण्यात जळक्या साखरेचे दोन-तीन थेंब टाकून रंग आणला, आणि प्रत्येक प्याल्यात दोन घोटांपेक्षा जास्त नाही. बाटल्या मात्र भरलेल्या दिसायला हव्यात, म्हणून त्यांना आतून रंग दिला.

इतर सामानात दोनच गोष्टींनी त्रास दिला. फायबरचं जातं हलकं, पण फिरवताना आवाज येत नाही आणि सिंधूचे खांदे कष्ट दाखवत नाहीत. मग खालची तळी लाकडी आणि वरची लहान दगडी घेतली. बाळाच्या गाठोड्यात साडेतीन किलो तांदूळ भरला. त्याआधी कापडाची गुंडाळी होती आणि नटी ती एका हाताने उचलत होती. शेवटच्या रांगेतूनही ते खोटं दिसायचं.

प्रयोग आणि निष्पत्ती

शुभारंभाचा प्रयोग २ तास ४१ मिनिटं चालला, ठरल्यापेक्षा ११ मिनिटं जास्त. संवाद एकही चुकला नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगालाही तेच झालं. मग बॅकस्टेजच्या एकाने घड्याळ लावून प्रवेश मोजले. वेळ टाळ्यांच्या जागांवर जात होता. जुन्या प्रेक्षकांनी जिथे टाळी दिली होती तिथे नट तीन-चार सेकंद थांबत होता. ज्येष्ठ प्रेक्षक असले की टाळी पडे, तरुण प्रेक्षक जास्त असले की नुसता खड्डा. आणि असा एक खड्डा पडला की सहकलाकारही पुढचं वाक्य सावकाश घेतात, त्यामुळे सगळा अंक ढिला होतो.

नटाला 'थांबू नकोस' एवढं सांगून भागलं नाही, कारण आपण थांबतो हे त्याला जाणवतच नव्हतं. उपाय समोरच्यांकडे दिला. त्या जागांवर रामलाल किंवा तळीराम लगेच हालचाल करेल: उठेल, बाटली उचलेल, पाठ फिरवेल. टाळी आली तर हालचाल मोठी करायची, नाही आली तर वाक्य पुढे. सातव्या प्रयोगापासून नाटक २ तास ३२ मिनिटांवर स्थिरावलं.

ऑर्गनवाल्याला मंचाची मागची बाजू दिसत नव्हती म्हणून दोन पदं उशिरा उचलली गेली. त्याच्यासमोर विंगेतून पेटणारा लाल दिवा बसवला. शेवटच्या दोन अंकांत वन्समोर घ्यायचा नाही हेही तेव्हाच ठरलं.

ठरलेले २५ प्रयोग झाले आणि त्यावर सहा. एकदा नटाचा आवाज बसला तेव्हा भगीरथ करणाऱ्या बदली नटाने सुधाकर केला आणि भगीरथाचे प्रवेश आणखी कापले. गोव्याच्या दौऱ्याचे चार प्रयोग मात्र मालिकेने चित्रीकरणाच्या तारखा पुढे ढकलल्यामुळे गेले, आणि नाट्यगृहांना भरलेल्या अनामत रकमेतला काही भागही गेला.

कलेच्या दृष्टीने सर्वांत मोठी कमाई शेवटच्या प्रवेशात झाली. सिंधू पोलिसांपुढे खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते, तेव्हा जुन्या प्रयोगात सुधाकर कोसळायचा. या वेळी नट नुसता बसून ऐकत राहिला. हा बदल दिग्दर्शकाने सांगितलेला नव्हता. त्या जागेचे जुने संवाद कापल्यामुळे त्याच्याकडे करायला काही उरलं नव्हतं, आणि त्याने ते रिकामेपण भरलं नाही. तिशीतल्या नटाला ते झेपलं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

जुन्या प्रयोगाची चित्रफीत दुसऱ्याच दिवशी सगळ्या संचाला दाखवली, ते टाळायला हवं होतं. आठवडाभर प्रत्येक जण त्या फितीतल्या कोणाची तरी लय उचलत होता. सिंधूच्या नटीला तर ती पुसून टाकायला पंधरा दिवस लागले. फीत फक्त दिग्दर्शकाने पाहावी आणि प्रवेशांच्या वेळा टिपून घ्याव्यात, एवढंच पुरे.

जाहिरातीत 'तोच सुधाकर' असं छापलं होतं. तिकीट खिडकीला त्याचा फायदा झाला, पण त्यामुळे जुनी अकरा पदं ऐकायला आलेले प्रेक्षकही आले आणि सहा पदांवर नाराज होऊन गेले. पदांची संख्या आणि प्रयोगाची लांबी जाहिरातीतच द्यायला हवी होती.

मालिकेतून येणाऱ्या नटाशी करार करताना फक्त प्रयोगांच्या तारखा लिहून घेतल्या. तालमींच्या सलग तारखा आणि दौऱ्याचे दिवस, तेही वाहिनीकडून लेखी, असं कलम असतं तर मधले नऊ दिवस फुकट गेले नसते. बदली नटाची तालीम चौथ्या आठवड्यात सुरू झाली. ती पहिल्या आठवड्यापासून, शेजारी बसून का होईना, व्हायला हवी होती. बावन्नाव्या वर्षी पाच अंकांची भूमिका आणि आठवड्याला तीन प्रयोग असतील, तर एखादा प्रयोग चुकणार हे धरूनच चालावं.

सांध्यांची पद्धत काठीच्या प्रसंगानंतर आली. संपादन पूर्ण झालं त्याच दिवशी सांधे मोजता आले असते आणि पहिल्या तालमीपासून त्यांवर काम झालं असतं. त्यासाठी जुनी संहिता आणि नवी संहिता शेजारी ठेवून कोणीतरी दोन दिवस बसायला हवं. आता ही संस्था हे काम प्रॉम्प्टरला देते, वाचन सुरू होण्याआधी, आणि त्याचे वेगळे पैसे मोजते.